नववा महिना

माघ उतरणीला लागला की पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत सकाळचे ऊन हळदीच्या पाण्यासारखे पातळ आणि पिवळे उतरते. त्या वर्षी त्या उन्हाला तिळाच्या कोमट तेलाचा वास होता. अंगणाच्या मधोमध पाय लांब सोडून करुणा बसलेली असायची. तिच्या पोटऱ्यांच्या खोबणीत तिची लेक पालथी पहुडलेली असे, आणि तेलाने माखलेले दोन सावळे तळवे त्या इवल्या पाठीवरून अशा संथ लयीत खालीवर फिरत, की पाहणाऱ्याचेच अंग सैल व्हावे.

आणि ती बोलत असे. अखंड, मंद, उन्हासारखेच पातळ बोलणे. "आता आपन उलटं होऊ. हा उजवा हात, हा डावा हात. आता पानी घेऊ. मंग बाबा येतीन, बाबाले भूक लागली असन." घरी प्रथमच आलेल्या पाहुणीला एकेक खोली दाखवावी, तशी ती मुलीला दिवसाचा एकेक प्रहर दाखवीत असे. मुलीचे नाव मैत्री. मैत्री सात महिन्यांची होती आणि आईच्या ओठांकडे टक लावून पाहत असे. शब्द आधी डोळ्यांनी शिकायचे असतात, असे काहीसे तिच्या मुद्रेवर दिसे.

यजमान गेल्यानंतर आणि शाळेची नोकरी संपल्यानंतर या घरात मी एकटीच उरले. अंगणाच्या पलीकडच्या अंगाला दोन-दोन खोल्यांची दोन बिऱ्हाडे मी भाड्याने दिली होती. दोहोंच्या मध्ये एकच भिंत, समोर एकच नळ. डावीकडे करुणा आणि तिचा नवरा प्रवीण. दोघेही आर्वीकडच्या खेड्यांतले. तो नव्या वसाहतींतल्या घरांचे वायरिंग करी. उजवीकडे रेखा, तिचा नवरा नीलेश आणि त्यांची तीन वर्षांची पिहू. नीलेशचे वर्ध्यात मोबाइलचे लहानसे दुकान होते. रेखा करुणेपेक्षा वयाने आणि संसाराने मोठी. बाळाला उचकी लागली तर काय करायचे, दात येताना काय द्यायचे, हे करुणा तिलाच विचारी. करुणा नळावर असली की मैत्री रेखाच्या कडेवर असे. पिहू तर त्या बाळाने वेडावलीच होती. जमिनीवर पोटावर आडवी होऊन, तिच्या नाकाला नाक लावून ती तासन् तास गप्पा मारी. अंगणातली ती दोन घरे तेव्हा मला भिंतीने विभागलेली कधी वाटलीच नाहीत.

लसीच्या बाबतीत करुणा फार काटेकोर होती. अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस असला की ती स्वच्छ धुतलेले झबले घालून मुलीला घेऊन जाई आणि परतताना रडून लाल झालेल्या तिला सारी हकीकत पुन्हा सांगत येई. "टोचली ना सुई? झालं, झालं. आता पुढची नऊ महिने भरले की. ती गोवरची. तवा तं तू चालाले लागशीन." गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावरच देतात, हे नर्सने तिला सांगितले होते, आणि त्या नवव्या महिन्याकडे ती एखाद्या सणाकडे पाहावे तशी पाहत होती.

फाल्गुन लागला. सेवाग्रामच्या रस्त्याला पळस पेटले, दुपारी धुळीचे लहान लहान भोवरे फिरू लागले. हिंगणघाटकडचे एक लग्न आटोपून रेखाचे कुटुंब परतले तेव्हा पिहूला खोकला होता, नाक वाहत होते, डोळे गुलाबी झाले होते. लग्नातल्या थंड पाण्याचे आणि जागरणाचे ते फळ, असे सर्वांनी धरले. मीही धरले. ते दोन-चार दिवस पिहू नेहमीसारखीच अंगणात येत राहिली, नेहमीसारखीच बाळाच्या तोंडाशी तोंड नेऊन तिला लग्नातल्या घोड्याची गोष्ट सांगत राहिली. मग एका सकाळी तिच्या कानांमागून, कपाळावरून तांबडे पुरळ उतरले आणि संध्याकाळपर्यंत छातीवर पसरले. रेखाच्या सासूबाई गावाहून आल्या. गोवराची खूण म्हणून दाराला कडुनिंबाची डहाळी लागली. रेखाने दार लोटून घेतले आणि फटीतून मला हळूच म्हणाली, "माता आली, काकू. करुणाले सांगजा, इकडे येऊ नोको म्हनाव."

करुणेने तत्क्षणी मैत्रीला आत नेले. पण गोवर अंगावर दिसू लागण्याच्या आधीच श्वासाश्वासातून पसरत असतो, हे आम्हां बायकांना पुष्कळ उशिरा कळले. लोटलेल्या दाराच्या अलीकडे तो कधीच येऊन बसला होता.

पिहू बरी झाली. तिच्या अंगावरची कातडी कोंड्यासारखी सुटली आणि खाली नवी, नितळ त्वचा दिसू लागली. ती पुन्हा अंगणात उड्या मारू लागली त्याच सुमारास मैत्रीला ताप भरला.

त्या दिवसांचे मला जे आठवते ते सारे आवाजांचे आहे. आधी खोकला; एवढ्या लहान छातीतून इतका जाड, घोगरा आवाज कसा येतो असे वाटावे असा. मग रडणे, मग रडण्याचे थकलेले कण्हणे. पुरळ उमटले, डोळे चिकटले, आणि करुणा ओल्या कापसाने ते पुशीत बोलतच राहिली. "हे पाहा, आता डोळे उघडू. हे बाबा. हे काकू." दवाखान्यातून औषध आणले, ताप उतरला, चढला. आणि मग एका दुपारी मला दिसले की श्वास घेताना मुलीच्या बरगड्यांखालचे कातडे आत ओढले जात आहे, नाकपुड्या फुलत आहेत. प्रवीण ऑटो घेऊन आला. वर्ध्याच्या मोठ्या रुग्णालयापर्यंतच्या रस्त्यात करुणा प्रथमच गप्प होती. मी शेजारी बसले होते. मुलीच्या श्वासाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून ती गप्प आहे, हे माझ्या लक्षात आले.

डॉक्टर तरुण होती, दमलेली, पण मायाळू. ऑक्सिजन लावला, सलाइन लावले, तोंडात औषधाचे थेंब सोडले. गोवर छातीत उतरला आहे, न्यूमोनिया झाला आहे, असे तिने आम्हाला समजेल अशा शब्दांत सांगितले. मग विचारले, "घरात किंवा शेजारी कुणाला असं पुरळ आलं होतं?"

"बाजूच्या पिहूले," करुणा म्हणाली.

"तिला लस दिली होती गोवराची?"

"दिलीच असन ना," करुणा म्हणाली. त्या वाक्यात शंकेचा लवलेशही नव्हता. आपण पाळतो ते सगळेच पाळत असतील, एवढा साधा तिचा विश्वास होता.

मैत्री तिथून परत आली नाही. काही दिवस ती झुंजली. मग एका पहाटे, खिडकीच्या काचा नुकत्या करड्या होत असताना, यंत्राचा आवाज तसाच चालू राहिला आणि तिचा थांबला. आर्वीकडच्या गावी, प्रवीणच्या वडिलांच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधालगत, तिला मातीत ठेवले. पांढऱ्या वस्त्रांतली माणसे, हलक्या आवाजात म्हटलेले त्रिशरण, आणि प्रवीणच्या दोन हातांवर ते एवढेसे गाठोडे. इतक्या लहान देहाला चौघांचे खांदे लागत नाहीत, एका बापाचे हातच पुरतात, याहून निष्ठुर दृश्य मी पाहिलेले नाही.

आठवडाभराने लसीकरणाचे पथक आमच्या गल्लीत आले आणि दारोदार चौकशी करू लागले. तेव्हा अंगणात, माझ्यासमोर, रेखाने मान खाली घालून सांगितले की पिहूला पहिल्या काही सुया दिल्या. पण त्यांतल्या एकीनंतर तिला ताप चढला आणि तापात झटका आला. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. पोरगी आता जाते असे वाटले. त्या दिवसापासून नीलेशने आणि सासूने सुयांचे नाव टाकले. गोवराची लस पिहूला कधी मिळालीच नव्हती.

करुणा गावाहून परत येणार नाही, असे मला वाटले होते. ती आली. मी म्हटले, "अगं, दुसरीकडे खोली पाहू या, मी शोधते." तर ती म्हणाली, "दुसरीकडे कुठं जाऊ, काकू? तिनं दुसरं घर पाह्यलंच नाई."

आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती रेखाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. चैत्राचे ऊन अंगणात पांढरे पडले होते, सावलीला कुठे जागा नव्हती. मी तुळशीला पाणी घालत होते. हात थांबला, आणि तांब्या तसाच धरून राहिले.

"रेखाताई, पिहूले गोवरची सुई दिलती का?"

रेखा उंबऱ्याकडे पाहत म्हणाली, "नाई."

"काऊन?"

"तिले झटका आलता वं, करुणा. मी पाह्यलं ना. तिचे डोळे... मले वाटलं मरते. मंग माही हिंमतच नाई झाली."

करुणेने सारे ऐकून घेतले. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. तो विझलेला होता. ती म्हणाली, "तुले भेव वाटलं, ते मी समजतो. पन मले सांगतलं असतं तं मी माही पोरगी तुह्या कडेवर दिली नसती. एवढंच सांगाचं होतं तुले."

मग ती वळली आणि आपल्या खोलीत गेली. रेखा खाली बसली आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडली.

त्यानंतरचे दीडएक वर्ष मी दोन घरांचे मौन ऐकत काढले. एकाच नळावर दोघी पाणी भरीत. एकीची कळशी भरली की ती बाजूला होई आणि मग दुसरी पुढे येई. दोरीवर कपडे वाळत, मध्ये हातभर दोरी रिकामी सोडलेली असे. करुणेचे ते अखंड बोलणे थांबले होते. कधी भाजी चिरताना तिचे ओठ हलत, "आता आपन..." एवढे बोलून ते मिटत, आणि मिटलेल्या ओठांकडे पाहवत नसे.

पिहूला यातले काय कळणार? एके दुपारी ती करुणेच्या दाराशी गेली आणि दोन्ही हातांनी दार वाजवू लागली. "मावशी, बाळ कुठी गेलं? मावशी, बाळाले बाहेर आन ना!" दार उघडले. करुणा त्या मुलीकडे पाहत राहिली. त्या गोबऱ्या गालांकडे, त्या नितळ, जगलेल्या त्वचेकडे. तिच्या डोळ्यांत त्या क्षणी जे उमटले ते मी पाहिले आणि मला भीती वाटली. तिने हात उचलला. मग तो हात हवेतच वळवून तिने दार मिटले. मुलीच्या तोंडावर, कडी घालून. पिहू कितीतरी वेळ त्या दाराशी उभी होती. पुन्हा ती तिकडे गेली नाही. मुलांना न सांगताही सीमा कळतात.

पुढे रेखाला मुलगा झाला. बारशाचा आवाज भिंतीपलीकडे जाणारच होता. त्या दिवशी करुणा आर्वीला निघून गेली. ती परतली तेव्हा बाळाचे रडणे भिंतीतून झिरपत होते. प्रवीणने पुन्हा खोली बदलण्याचा विषय काढला. ती ऐकून घेई आणि उठून कामाला लागे. कधी कधी मला दिसे, ती भिंतीला पाठ टेकून बसली आहे. पलीकडे बाळ रडत असे, आणि ती तशीच डोळे मिटून, निश्चल बसून राही. ऐकणे ही तिला शिक्षा होती की आधार, हे मला कधीच उमगले नाही. कदाचित तिलाही नसेल.

त्या मुलाचे नऊ महिने भरले. आधीच्या सुया रेखाने धीर करून, माझ्या आणि नर्सच्या आग्रहाने दिल्या होत्या. प्रत्येक वेळी आठवडाभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता गोवराची पाळी आली आणि नीलेश आडवा आला. नर्स अंगणात उभी होती. तो दुकानात जायला निघाला होता; चावी फिरवीत म्हणाला, "हे राहू द्या, सिस्टर. पिहूले झालाच होता ना गोवर. झाली ना ती बरी."

तो वाईट माणूस नव्हता. वाक्य तोंडातून निघाल्यावर त्याचे त्यालाच ते ऐकू आले असावे. कारण चावीचा आवाज थांबला. पण शब्द अंगण ओलांडून गेला होता.

करुणा बाहेर आली. दीड वर्षात पहिल्यांदा ती त्या हातभर रिकाम्या जागेच्या पलीकडे पाऊल टाकत होती. नीलेशसमोर उभी राहून ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुमची बरी झाली."

इतकेच. नीलेशची मान खाली गेली. मग ती रेखाकडे वळली.

"रेखाताई, मी तुले माफ नाई केलं. करनारही नाई. तुह्या मनात तसं काही असन तं काढून टाक. पन ह्या लेकरानं माहं काही बिघडवलं नाई. उठ. मी येतो संग."

आम्ही चौघी अंगणवाडीत गेलो; नर्स, रेखा, मी आणि करुणा. पिहूला झटका आल्याचे रेखाने त्या दिवशी तिथे आलेल्या डॉक्टरांना सांगितले. त्यांनी सगळे नीट विचारले, मुलाला तपासले आणि लस द्यायला हरकत नाही असे सांगून ताप आल्यास काय करायचे ते समजावले. सुईची वेळ आली तेव्हा रेखाने बाळाला पदरात गुंडाळून घट्ट धरले आणि त्याचा दंड ती उघडा करीना. नर्सने इकडेतिकडे पाहिले. करुणा पुढे झाली. तिने ते मूल घेतले, आपल्या मांडीवर बसवले, एका हाताने त्याचे डोके छातीशी धरले, दुसऱ्याने त्याचा उजवा दंड मोकळा केला. ज्या सफाईने तिने हे केले, ती सफाई तिच्या हातांत अजून शिल्लक होती. सुई गेली. मूल किंचाळले. क्षणभर तिची हनुवटी त्याच्या टाळूवर टेकली, आणि मला वाटले आता ती बोलेल, ते जुने बोलणे. ती बोलली नाही. विस्तव हातात आल्यासारखे तिने ते मूल रेखाच्या ओटीत टाकले आणि दूरच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसली. मुलावर लक्ष ठेवण्यासाठी आम्हाला तिथे अर्धा तास थांबायला सांगितले होते. त्या अर्ध्या तासात तिने एकदाही वळून पाहिले नाही.

आठवड्याने बाळाला थोडा ताप आला. रेखा घाबरून माझ्याकडे धावली. आम्ही औषध दिले, अंग पुसले. त्या दिवशी करुणेचे दार उघडे होते. ती उंबऱ्यावर बसून होती, हातात काही काम नव्हते. आत ती आली नाही, काही विचारलेही नाही. संध्याकाळी ताप उतरला, मूल दूध पिऊन झोपले, आणि मी बाहेर येऊन नुसती मान हलवली. तेव्हा ती उठली आणि आत जाऊन तिने दार लावले.

दोघींत समेट झाला असे मी सांगितले तर ती गोष्ट ऐकायला बरी वाटेल. तसे झाले नाही. पुढच्या उन्हाळ्यात प्रवीणला आर्वीत काम मिळाले आणि त्यांनी बिऱ्हाड हलवले. टेंपोत सामान चढत होते तेव्हा रेखा नळापाशी उभी होती, कळशी भरून वाहत होती आणि तिला भान नव्हते. पिहू तिच्यामागे, पदर धरून. करुणा माझ्या पाया पडली. मग अंगणाच्या मध्यावर थांबून तिने पिहूकडे दीर्घकाळ पाहिले. मला वाटले, ती तिला जवळ बोलावील. ती रेखाला म्हणाली, "हिच्या राह्यलेल्या सुया कोनत्या, ते सिस्टरले विचारजो. टाळू नोको." आणि टेंपोत बसली.

त्या खोल्यांत आता परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या दोन मुली राहतात. त्यांना यातले काही ठाऊक नाही, आणि मी सांगितलेलेही नाही. रेखा मात्र कधी संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसते आणि काहीही निमित्त नसताना म्हणते, "काकू, तिची जावळं मागून कुरळी होती, नाई?" मी हो म्हणते. माणूस मोठा होऊन गेला तर त्याच्या मागे ओळखीपाळखीचे एक गाव उरते. आठ महिन्यांच्या आयुष्याला साक्षीदार तरी किती असणार? आई, बाप, मी, आणि भिंतीपलीकडची ती एक बाई. काळ आम्हां चौघांना एकेक करून उचलील आणि तेवढे तेवढे ते मूल पुन्हा पुसले जाईल. म्हणून मला वाटते, आर्वीच्या कुठल्याशा खोलीत बसलेली करुणा रेखाला क्षमा करू शकली नसेल, तरी तिच्या दीर्घायुष्याची इच्छा मात्र मनोमन करीत असेल. कारण रेखा गेली की मैत्रीला कडेवर घेतलेल्या माणसांतले आणखी एक या जगातून कमी होणार आहे.